नातीची मुंबई आणि रात्रीचे थेंब

देवगाव फाट्यावर वाढलेल्या माणसाला प्रवासाचे अप्रूप नसते. सेलूकडे, जिंतूरकडे, मंठ्याकडे जाणाऱ्या गाड्या येथे दिवसभर थांबतात. चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या माणूस दहा गावांची माणसे पाहतो. तरीही गेल्या महिन्यात रात्रीच्या जेवणावेळी माझी नात म्हणाली, "आबा, मला मुंबईला जायचंय. चित्रं बघायला," तेव्हा घरातील सर्वांचे हात ताटातच थबकले.

ती वीस वर्षांची आहे. कलाशिक्षक पदविकेच्या, म्हणजे ए.टी.डी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि रोज एस.टी.ने जा-ये करते. पदविका झाल्यावर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत रेखा व रंगकला शिकावी, असे तिच्या मनात आहे. प्रवेश मिळेल की नाही, हा पुढचा प्रश्न. त्याआधी ती जागा आणि तिच्या आसपासची चित्रदालने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत, एवढेच तिला हवे होते. सोबत वर्गातील एक मैत्रीण, आणि उतरायला कल्याणला तिच्या मावशीचे घर.

तिच्या आजीने विचारले, जेवणाचे काय? माझ्या मुलाने विचारले, खर्च किती? सुनेने विचारले, लोकलच्या गर्दीत कसे व्हायचे? मी काहीच विचारले नाही. मला पडलेला प्रश्न सांगण्यासारखा नव्हता. माझ्या डोळ्यांत रात्री थेंब कोण घालणार, हा तो प्रश्न.

मला काचबिंदू आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत आपल्याकडे अजूनही गल्लत होते, म्हणून दोन वाक्ये सांगतो. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग धुरकट होते आणि शस्त्रक्रियेने दृष्टी बहुधा परत मिळते. काचबिंदूत दृष्टीची शीर झिजत जाते, पुष्कळदा डोळ्यातील दाब वाढल्यामुळे, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली राखणे एवढेच हाती असते. ती राखण्यासाठी रोज, ठरल्या वेळी, न चुकता थेंब घालावे लागतात. माझ्याकडे दोन बाटल्या आहेत: एक फक्त रात्री, दुसरी सकाळी आणि रात्री. गेली तीन वर्षे हे काम नातीकडे आहे. सकाळी बस पकडण्यापूर्वी आणि रात्री नऊ वाजता ती माझ्या उशाशी येते, एक थेंब घालते, पाच मिनिटे थांबते, दुसरा घालते. त्या पाच मिनिटांत दिवसभराच्या गोष्टी होतात.

मी स्वतः चित्रकलेचा शिक्षक होतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुले बसवण्यात माझी उमेद गेली. त्यामुळे मुंबईला जाण्याची तिची इच्छा मला कळत नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल. खरे सांगायचे तर गेल्या वर्षी वर्गाची मुंबईला सहल गेली होती आणि ही गेली नव्हती. "अभ्यास राहिलाय" असे तिने घरात सांगितले. खरे कारण तिच्या मैत्रिणीच्या तोंडून कित्येक महिन्यांनी माझ्या कानावर आले. ते कारण मीच होतो.

या पाक्षिकाच्या वाचकांत माझ्यासारखे पुष्कळ असतील आणि आमच्यासारख्यांची काळजी वाहणारेही. दोघांसाठी म्हणून हे लिहितो. कोणी आपली सेवा करते, तेव्हा आपल्याला काय करता येत नाही याची यादी हळूहळू लांबत जाते आणि ती तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. थेंब तुम्हाला स्वतः घालता येतील का, असे मला तीन वर्षांत कोणी विचारले नाही. मीही कधी बोललो नाही. पहिले काही दिवस मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हात लावायचा नव्हता, म्हणून तिने घातले. पुढे तेच चालू राहिले. मला ते आवडत होते, हे मी आता कबूल करतो.

म्हणून या वेळी तिने चार दिवसांची मुंबई मागितली, तेव्हा मी मनात हिशेब केला: बुधवारी रात्री निघून सोमवारी सकाळी परत. म्हणजे तिच्यावाचून पाच रात्री आणि चार सकाळी. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "तू तुझी तयारी कर, मी माझी करतो."

माझी तयारी आधी सांगतो, कारण ती अधिक अवघड निघाली.

नेत्रतज्ज्ञांकडे तपासणीची तारीख होतीच. त्यांना सांगितले की मला स्वतः शिकायचे आहे. त्यांनी सरावासाठी डोळे ओलसर ठेवणारे साधे थेंब दिले, म्हणजे महागाचे औषध वाया जाऊ नये. शिवाय दोन्ही औषधांची एकेक जादा बाटली लिहून दिली. शिकताना थेंब सांडतात, बाटली लवकर संपते आणि ऐन वेळी फाट्यावरच्या दुकानात ते औषध मिळेलच असे नाही.

बसून, मान मागे टाकून, खालची पापणी ओढून थेंब घालायचा, ही नेहमीची रीत. माझा हात थोडा थरथरतो. पहिल्या दिवशी एक थेंब गालावर गेला, दुसरा कानात. नात दाराशी उभी होती. म्हणाली, "आबा, रडायलात का औषध सांडलंय?" मग डॉक्टरांनी दाखवलेली दुसरी रीत धरली. उशी काढून सपाट निजायचे, डोळे मिटायचे, नाकाकडच्या कोपऱ्यात मिटल्या पापणीवर एक थेंब सोडायचा आणि मग डोळा उघडून उघडझाप करायची. थेंब आपोआप आत उतरतो. बाटली धरलेल्या हाताची कड कपाळावर टेकवली की थरथर पुष्कळ कमी होते. बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला लागू द्यायचे नाही. एक थेंब पुरतो. दुसरा घातला तरी तो बाहेरच ओघळतो. त्यानंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने हलका दाबून एक-दोन मिनिटे पडून राहायचे. त्या कोपऱ्यातून औषध नाकात आणि पुढे रक्तात उतरते. दमा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना काचबिंदूच्या काही थेंबांनी अपाय होऊ शकतो, म्हणून हे दाबणे केवळ उपचार म्हणून सोडून देऊ नये. दोन औषधे असतील तर मध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्यावीत, नाही तर दुसरे पहिल्याला धुऊन नेते.

आठ दिवस ती शेजारी बसून नुसती पाहत होती. हात लावायचा नाही, ही माझी अट. नवव्या दिवशी ती मुद्दाम एका रात्रीसाठी सेलूला मैत्रिणीकडे राहिली. काळजी घेणारी व्यक्ती बाहेरगावी जाणार असेल, तर ही एका रात्रीची रंगीत तालीम अवश्य करावी, असे मी आग्रहाने सांगेन. कागदावर सर्व ठीक दिसते. बाटलीचे घट्ट झाकण अंधारात कसे उघडायचे, हा प्रश्न त्या रात्रीच पडतो. मला पडला. आता उशाशी लहान दिवा असतो, आणि दोन बाटल्यांची गफलत होऊ नये म्हणून रात्रीच्याच बाटलीला जाड रबर गुंडाळलेले असते. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहिणे हे कामही आता माझेच आहे.

घरच्यांसाठी तिने एक कागद कपाटाच्या दारावर चिकटवला आहे. औषधे, वेळा, डॉक्टरांचा क्रमांक. खाली लाल शाईत काही गोष्टी आहेत, ज्यांच्यासाठी तिच्या येण्याची वाट पाहायची नाही. डोळा अचानक लाल होऊन दुखणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, डोकेदुखीबरोबर उलट्या होणे, दृष्टी एकदम कमी होणे: तात्काळ नेत्रतज्ज्ञ. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, एक हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे: १०८ ला फोन. ज्येष्ठांसाठीच्या शासकीय मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांकही तिने लिहिला आहे. कागद वाचून तिची आजी म्हणाली, "अगं, तू चार दिवस चाललीस की चार वर्षं?" तथापि, दुसऱ्या दिवशी तिनेच त्यावर स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ लिहून घेतली.

आता मुंबईची तयारी.

येथे माझा अनुभव कामाला येईल असे मला वाटत होते. १९७४ च्या डिसेंबरात, तेवीस वर्षांचा असताना, मी मुंबईला पहिल्यांदा गेलो. तेव्हा सेलूहून मीटरगेजची गाडी होती आणि मनमाडला उतरून मोठ्या गाडीत बसावे लागे. बोरीबंदरला उतरून मी पायीच सगळीकडे फिरलो. ती सारी माहिती मी नातीला उत्साहाने सांगू लागलो. तिने वही काढून लिहूनही घेतली आणि मग एकेक नाव हळूच खोडले. व्ही.टी. आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जहांगीर कलादालनातील सामोवार हे उपाहारगृह २०१५ सालीच बंद झाले. मनमाडला गाडी बदलणे तर नव्वदीच्या दशकात रुंद मार्ग झाल्यावर संपले. माझ्या डोक्यातील नकाशा पन्नास वर्षे जुना निघाला. ज्येष्ठांनी सल्ला द्यावा, पण रस्त्याचा न देता चालण्याचा द्यावा, असे मी त्या दिवशी ठरवले.

गाडीची निवड तिने स्वतः केली. दिवसा जाणारी तपोवन एक्स्प्रेस रात्री पोहोचते. रात्री निघणारी देवगिरी पहाटे कल्याणला आणि सकाळी मुंबईला. अनोळखी शहरात रात्री पाऊल ठेवण्यापेक्षा रात्र गाडीत काढून उजाडताना उतरावे, हा तिचा विचार मला पटला. आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते, त्यामुळे मनासारखी जागा हवी तर तारीख आधीच ठरवावी लागते. कल्याणला मैत्रिणीची मावशी स्थानकावर येणार आहे.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत विश्रांती, हे मी हट्टाने लिहायला लावले. रात्रीच्या गाडीत तरुणांनाही धड झोप लागत नाही, आणि झोप नसलेल्या डोक्याला नवे शहर दुप्पट मोठे आणि दुप्पट गोंगाटाचे वाटते. घाबरल्यासारखे होणे, रस्ता चुकणे, पाकीट विसरणे हे पुष्कळदा थकव्याचेच प्रताप असतात. म्हणून गुरुवारी फक्त एक फेरी: दुपारी लोकलने टर्मिनसला जायचे, गर्दी वाढण्याआधी परतायचे. सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी तिकडून परतणाऱ्या लोकलची गर्दी टाळली, तर लोकलचे भय निम्मे होते. महिलांचा डबा आहेच. चुकीच्या गाडीत बसलो तर चालत्या गाडीत दाराकडे धावायचे नाही, पुढच्या स्थानकावर शांतपणे उतरायचे. गर्दीत जीव घाबरला तर प्रवाहातून बाजूला होऊन भिंतीला पाठ लावायची आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यायचा. पाच-सहा श्वासांत फरक पडतो.

त्या पहिल्या फेरीत काय पाहायचे? मी म्हणालो, स्थानक. ती हसली. पण माझे म्हणणे खरेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या या इमारतीच्या दगडी कोरीवकामात ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. पशुपक्षी, पाने-फुले, मुखवटे, जे जे मान वर केल्यावर दिसते, त्यातील पुष्कळसे तिच्याच वयाच्या मुलांनी घडवले. २००४ पासून ती जागतिक वारसा वास्तू आहे. मुंबईत उतरणाऱ्या कलाविद्यार्थ्याचे पहिले चित्रदालन ते स्थानकच, आणि तिथे प्रवेशशुल्क नाही. तेथून कलाशाळा अगदी चालत जाण्याजोगी आहे. १८५७ साली सुरू झालेली ही शाळा. रुडयार्ड किपलिंग याचा जन्म १८६५ साली याच आवारात झाला, कारण त्याचे वडील तिथे शिकवत. समोरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील उठावशिल्पे त्या वडिलांची. आवारात शिरण्यासाठी परवानगी लागू शकते, म्हणून तिने महाविद्यालयातून ओळखपत्र घेतले आहे.

मनावरील दडपण कमी करायला एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. ती म्हणत असे, "आबा, तिथले लोक मला गावाकडची म्हणतील." मी तिला अजिंठ्याची हकिकत सांगितली. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स हे कलाशाळेचे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन मुंबईहून अजिंठ्याला येत आणि लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत. त्यांतील कितीतरी प्रतिकृती पुढे लंडनला आगीत जळाल्या. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्स यांनी मोठा ग्रंथ सिद्ध केला. मुंबईची मुले चित्रकला शिकायला आपल्याकडे आली होती, आता तू तिकडे जाते आहेस. एवढाच काय तो फरक.

दुसरी हकिकत महादेव विश्वनाथ धुरंधर यांची. कोल्हापूरचा बावीस वर्षांचा तरुण १८९० च्या जानेवारीत कलाशाळेत दाखल झाला. कोल्हापूरला रेल्वे पोहोचली १८९१ साली, म्हणजे त्याच्या पहिल्या प्रवासाचा पहिला टप्पा आगगाडीचा असणे शक्यच नव्हते. तिथेच तो शिकला, तिथेच त्याने शिकवले, आणि त्याच्या आत्मकथनाचे नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे आहे. नातीची आजी हे ऐकून एकदम म्हणाली, "एकेचाळीस? ही चार दिवसांत येणार ना?"

शुक्रवार काळा घोड्याचा. टर्मिनसपासून हुतात्मा चौकावरून चालत गेले तर वीस-पंचवीस मिनिटे. जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे; तिथे प्रवेश विनामूल्य असतो आणि प्रदर्शने आठवड्याला बदलतात, त्यामुळे काय पाहायला मिळेल हे नशिबावर. शेजारी १९२२ साली खुले झालेले वस्तुसंग्रहालय, जिथे लघुचित्रे आहेत, शिल्पे आहेत आणि टाटा बंधूंनी जमवलेली युरोपीय चित्रेही. समोरच राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय, ते सोमवारी बंद. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासूनचे; बुधवारी बंद. नातीने चारही ठिकाणे शुक्रवारीच बसवली होती.

येथे मी हस्तक्षेप केला. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन गिलमन या अधिकाऱ्याने १९१६ साली संग्रहालयातील थकव्यावर एक लेख लिहिला होता. एका माणसाला कपाटांतील वस्तूंविषयीचे प्रश्न देऊन, उत्तरे शोधताना त्याला किती वाकावे, बसावे, मान वळवावी लागते याची छायाचित्रेच त्याने काढली. संग्रहालयात माणूस चालून थकत नाही. थबकत, वाकत, कडक फरशीवर उभा राहून थकतो, आणि मग डोळे पाहतात पण मन काही टिपत नाही. शेतात दिवसभर राबणारी बाईसुद्धा संग्रहालयात दोन तासांत कंबर धरते, ते यामुळेच. म्हणून एका दिवशी फार तर दोन ठिकाणे. पाऊण तास पाहिले की बाक शोधून दहा मिनिटे बसायचे. प्रत्येक दालनात आधी एक झरझर फेरी, मग मनात राहिलेल्या पाच चित्रांपुढे सावकाश उभे राहायचे. बाकीची राहिली तर राहू द्यायची. पायांत नवे बूट नकोत. महिनाभर वापरलेले, तळ मऊ असलेले हवेत. खांद्यावर एकच पिशवी: पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे, स्केचबुक, पेन्सिली.

मुंबईच्या हवेविषयीही तिला सांगावे लागले. आपल्याकडे ऊन कोरडे. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, चिकटून राहतो आणि थकवा लवकर येतो. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहावे. वडापाव जरूर खावा, पण समोर तळलेला. उघड्यावर चिरून ठेवलेली फळे आणि बर्फाचे गोळे यांच्या वाटेला जाऊ नये. मासिक पाळीची तारीख जवळ असेल तर त्याची सोय पिशवीत असावी. हे तिच्या आईने सांगितले, आणि मीही ते येथे न संकोचता लिहितो. प्रवासाच्या यादीत ते नसते म्हणूनच मुलींची पंचाईत होते. रक्तगट आणि घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मोबाइलमध्ये न ठेवता खिशात ठेवायची, कारण मोबाइलच हरवला तर काय? ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १३९ हा रेल्वेचा, दोन्ही तिला पाठ आहेत.

शनिवारी आधुनिक कलासंग्रहालय आणि जमल्यास भायखळा. रविवारी काहीच ठरवलेले नाही. रविवारी मध्य रेल्वेवर दुरुस्तीसाठी पुष्कळदा मेगाब्लॉक असतो, आणि शिवाय एक दिवस मोकळा हवाच. जी चित्रे आवडली त्यांच्याकडे परत जाता यावे, यासाठी. फेब्रुवारीचा तिसरा आठवडाही तिने विचार करून निवडला. त्याआधी भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवाचे आकर्षण मोठे आहे, पण पहिल्या खेपेला चित्रे पाहायची तर जत्रा नको, असे तीच म्हणाली.

फोनच्या बाबतीत आमचा एक करार झाला आहे. माझ्या मते संपूर्ण तयारीत हेच कलम सर्वांत महत्त्वाचे. आम्हा म्हाताऱ्यांना दोन खोडी असतात. काहींना मूल दूर गेले की काहीतरी होऊ लागते: छातीत धडधड, चक्कर, अन्न न जाणे. ते ढोंग नसते, पण त्या तक्रारीला दोरी बांधलेली असते. दुसरे लोक खरेखुरे दुखणे लपवतात, 'पोरीला कशाला सांगा' म्हणून. मी पहिल्या प्रकारातला आहे, तिची आजी दुसऱ्या. मागे पाय मुरगळून सुजला असताना ती फोनवर "सगळं बरं आहे" म्हणत राहिली होती. या दोन्हींमुळे दूर असलेल्या माणसाला कशावरच विश्वास ठेवता येत नाही. मग ते मूल चित्रापुढे उभे असते आणि मन घरी घुटमळते. म्हणून ठरले आहे: दिवसातून एकच फोन, आणि त्यात खरे बोलायचे. मी थेंब चुकवला तर चुकवला म्हणून सांगायचे आणि पुढे काय करायचे ते डॉक्टरांना विचारायचे. ती रस्ता चुकली तर तिनेही सांगायचे. त्यावर कोणी "मी आधीच म्हणालो होतो" असे म्हणायचे नाही. ही शेवटची ओळ तिच्या वडिलांसाठी आहे.

एक मागणे मी केले आहे. काचबिंदूत नजरेच्या कडा आधी जातात. समोरचा चेहरा मला स्पष्ट दिसतो, पण चौकटीच्या कडेला काय आहे ते मान वळवून शोधावे लागते. मोबाइलवर ती चित्रे दाखवते तेव्हा मधला भाग मला कळतो, कडा हरवतात. म्हणून तिला सांगितले, छायाचित्रे फार काढू नकोस. दोन-तीन चित्रांचे कोपरे तेवढे वहीत उतरवून आण. डाव्या कोपऱ्यात काय, खाली काय, चित्रकाराने तिथे काम केले आहे की नुसता रंग फासून सोडले आहे. ती म्हणाली, "आबा, कोपऱ्याकडं आजवर माझं लक्षच नव्हतं." मी पस्तीस वर्षे मुलांना कागदाच्या कोपऱ्यापर्यंत रंगवा म्हणून ओरडलो, हे ती सोयीस्कर विसरली.

बुधवारी तिला सोडायला सेलूच्या स्थानकापर्यंत जावे, असे फार वाटत होते. एस.टी.त महिला म्हणून तिला अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरी गाठल्यामुळे मला काहीच नाही. दोघांचे मिळून एका अर्ध्या तिकिटात काम होते. पण परत येताना रात्र होणार. अंधारात मला पायरी दिसत नाही, फलाटाची कड तर मुळीच दिसत नाही. मागच्या पावसाळ्यात अंगणातच पडता पडता वाचलो. तेव्हा फाट्यावरच निरोप घ्यायचा, असे ठरवले. मुलगा दोघींना गाडीत बसवून येईल.

गाडीची वेळ आणि माझ्या थेंबांची वेळ जवळजवळ एकच आहे. तिने मला बजावले आहे, "आबा, नऊला फोन उचलायचा नाही. नऊला तुमचे दोन्ही हात कामात राहतील. मी सव्वानऊला लावते."